मी पाहिला तेव्हा कॅट स्वच्छ होता

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रविवारी हितेशच्या हॉलमध्ये जिल्ह्याची मोठी स्पर्धा आहे आणि तिथे मी परीक्षक म्हणून उभा राहणार आहे. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेल्या माणसाने या वयात पोरांच्या पत्त्यांचा न्याय करायचा म्हणजे काय.

हितेश माझा नातू. अलिबागेत स्टँडजवळ मेडिकलच्या वर त्याचं खेळांचं दुकान आहे, मागे हॉल. तिथे मुलं ‘सातसागर’ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतात. आपले बदाम-किलवर नव्हेत. जहाजं, वादळं, खलाशी, मोठाले मासे अशी चित्रं असलेले शेकडो पत्ते; त्यांतले साठ आपल्या पसंतीने निवडून ज्याने त्याने घरूनच आपला कॅट बांधून आणायचा. मुलं त्याला डेक म्हणतात. कुठले साठ आणले ते आधी कागदावर लिहून द्यायचं. मग स्पर्धेच्या मध्येच परीक्षक एखाद्या टेबलावर जाऊन दोघांचे कॅट उचलतात, बाजूला नेतात, कागदाशी ताडतात. पत्ता बदललेला नाही ना, आणि मुख्य म्हणजे पाठीवर खूण नाही ना. कारण पाठीवरून पत्ता ओळखता आला की पुढे काय निघणार ते त्या खेळाडूला आधीच कळलं. प्रत्येक पत्त्याला प्लॅस्टिकचं पाकीट असतं. मी त्याला झबलं म्हणतो, मुलं हसतात.

हितेश म्हणाला, “आबा, आयुष्यभर नोटा पारखल्यात, पत्ते काय जड आहेत?” मग मी नियमांचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. परीक्षकाच्या परीक्षेत एकदा आपटलो, दुसऱ्यांदा पास झालो. भिमाबाई म्हणाली, “सातवीत एवढं वाचलं असतंत तर डेपो मॅनेजर होऊन खुर्चीत बसला असतात.”

आमची ही बोलते ते बोलू दे. मला धास्ती एकच आहे. नजर कमी पडली आणि लबाड सुटला, तर बाकीच्या पोरांनी कोणाकडे बघायचं?

रविवार, ९ नोव्हेंबर

घरी आलो. जेवण गेलं नाही. क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं शांत होईल.

सकाळ बरी गेली. नवी मुंबईहून साक्षी नावाची मुख्य परीक्षक आली होती. वय हितेशएवढंच, पण शिस्तीची. पहिल्या फेरीत मी एक कॅट तपासला, तिने पाठ थोपटली. मग खाली जाऊन चहा घेतला, तंबाखू मळली. हॉलमध्ये खायची नाही असा हितेशला शब्द दिलाय, तो पाळतो. खाली खातो, तोंड धुतो, ओल्या रुमालाला हात पुसतो आणि मगच वर जातो.

तिसऱ्या फेरीत विनिताचं टेबल निघालं. उरणकडची मुलगी, मिठागरवाल्यांच्या घरातली, आता वडिलांचे ट्रक आहेत. करंज्याहून लाँचने येते. इथे आली की आधी मला “काका, जेवलात का?” विचारते. तिच्या समोरच्याचा कॅट साक्षीने घेतला, तिचा मी. पत्ते वेगळे लावले, मोजले, कागदाशी ताडले. मोठे, किमतीचे पत्ते, म्हणजे तिची वादळं आणि देवमासे, एकेक करून अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळून पाहिले. नकली पत्ता जाडीला वेगळा लागतो, नोटेसारखाच. पाठी पाहिल्या. गर्द निळी, खरखरीत झबली, एक डाग नाही. कॅट परत दिला तेव्हा ती म्हणाली, “काका, पास?” मी म्हटलं, “फर्स्ट क्लास.”

उपांत्य फेरीआधी चारही खेळाडूंचे कॅट पुन्हा तपासायचा नियम आहे. विनिताचा साक्षीने घेतला. बराच वेळ झाला तरी ती उठेना. मग तिने मला बोलावलं.

पत्ते पाठ वर ठेवून पसरलेले होते. त्यांतल्या काहींच्या उजव्या कोपऱ्यात पांढुरकी झाक होती. फुंकर मारली तर जाईल असं वाटावं अशी, पण जात नव्हती. साक्षीने ते पत्ते उलटले. वादळं आणि देवमासे. फक्त तेच.

“काका, थर्ड राउंडला हा डेक तुम्ही चेक केलात ना? तेव्हा हे होतं?”

“नव्हतं. मी पाहिला तेव्हा कॅट स्वच्छ होता.”

“शुअर? नीट आठवा. जुनं असेल तर पाकिटं खराब झाली म्हणून वॉर्निंगवर सुटेल. पण तेव्हा नव्हतं आणि आता आहे, म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी केलंय.”

मला खोटं बोलता आलं असतं. पण परीक्षकाने खोटं बोलायचं तर मग कशाला तिथे उभं राहायचं? म्हटलं, “शंभर टक्के स्वच्छ.”

विनिताला बोलावलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला. ती पत्त्यांकडे बघेना, माझ्या हातांकडेच बघत राहिली. पोरीला वाटलं असेल, हे म्हातारे हात आपल्याला सावरतील. मग म्हणाली, “काका, तुम्ही चहाला खाली गेला होतात ना, त्यानंतरच माझा डेक...”

हितेश म्हणाला, “विषय बदलू नकोस.”

घाबरलेलं पोर कशाचा संबंध कशाशी जोडेल सांगता येत नाही. तिला बाद केलं. स्पर्धा तिथेच थांबवली. आता हा खेळ काढणाऱ्या बंगलोरच्या कंपनीची समिती ठरवणार, किती वर्षं बंदी की कायमची.

लाँच चुकू नये म्हणून ती पळत गेली. झोपायच्या आधी एवढंच लिहितो की मला भीती वाटते आहे. कशाची, ते मात्र सांगता येत नाही. मी तर खरं बोललो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दुपारी दारात पिकअप उभी राहिली. उतरलेला माणूस धिप्पाड, पण उंबऱ्याशी आला आणि चप्पल काढताना चाचपडला.

“राम राम. मी अंबाजी. विनिताचा बाप.”

मी जय भीम केला, आत बसवलं. भिमाबाईने चहा टाकला. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. मग म्हणाला, “काका, आमच्यात पत्ते खेलनारी पोर म्हनजे नाव ठेवायला जागा. मी सगल्यांची तोंडां बंद केली. म्हटलं, ह्यो डोक्याचा खेल हाय. आता गावभर झालंय का अंबाजीची पोर पत्त्यांना खुना करतंय. ती म्हनतंय, मी नाय केलं. मना नाय समजत. तुमी वयानं मोठे, तुमाला काय पडलंय खोटं बोलायचं? तुमी सांगा.”

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. पण बापापुढे गोलमाल बोलणं हेही पापच. म्हटलं, “अंबाजीराव, मी पाहिला तेव्हा कॅट स्वच्छ होता.”

तो उठला. हात जोडले. “बस. झालं. आता तिला इचारायचां नाय.”

चहा तसाच राहिला. तो गेल्यावर मी भिमाबाईला म्हटलं, “बघ, आपल्या घरचा चहा त्याला चालला नाही.” जुन्या सवयीने मनात तेच आलं.

ती कप उचलत म्हणाली, “उगाच बिचाऱ्याला नावं ठेवू नका. त्याला थुंकी गिळवत नव्हती, चहा कुठला?”

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हात चालत नाही, तरी लिहितो.

हितेशने समितीला पाठवायला त्या पत्त्यांचे फोटो काढले होते. मी म्हटलं, मलाही दे, नजरेतून काय सुटलं ते शिकू दे. सकाळी ओटीवर बसून मोबाइलवर बोटांनी मोठे करून बघत होतो. भिमाबाई मागे तांदूळ निवडत होती. मान वळवून म्हणाली, “त्यात एवढं काय बघायचंय? चुना आहे तुमचा.”

मी म्हटलं, “कसला चुना?”

“तंबाखूचा. कसला म्हणजे? लग्न झाल्यापासून पुसतेय मी. आरशावर तोच, विजेच्या बटणांवर तोच, टीव्हीच्या रिमोटवर तोच. हात पुसला म्हणता तुम्ही. पुसून काय होतं? ओला असतो तोवर दिसत नाही. वाळला की वर येतो.”

तिने तांदळातून डोकंही वर काढलं नाही. मी डबी काढली, तंबाखू मळली, रुमाल ओला करून हात पुसला. अंगठा स्वच्छ दिसत होता. माझ्या चष्म्याचं काळं पाकीट नोट पारखावी तसं चोळलं. काही नाही. ठेवून दिलं. नळावर जाऊन आलो.

पाकिटावर पांढुरकी झाक आली होती.

पहिल्या फेरीतला कॅट चहाच्या आधी तपासला होता, तो स्वच्छ राहिला. विनिताचा नंतर. मोठे पत्ते तेवढेच चोळले, म्हणून खूण मोठ्या पत्त्यांवरच. आणि ती पोर चहाबद्दल का बोलत होती तेही कळलं. तिने ओळखलं होतं. माझ्या हातांकडे ती आधारासाठी बघत नव्हती.

आणि मी तिच्या बापाला शब्द दिला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

हितेशला दुकानात गाठून सगळं सांगितलं. त्याने आधी शटर अर्धं खाली ओढलं.

“आबा, हे अजून कोणाला बोललात?”

“तुझ्या आजीला माहीत आहे.”

“आजीला माहीत असणं म्हणजे वाडीला माहीत असणं.” मग खुर्चीवर बसला, चेहरा ओंजळीत घेऊन. “परीक्षकानेच पत्ते घाण केले, आणि तो परीक्षक कोण तर मालकाचा आजोबा. कंपनी हे स्पर्धेचं केंद्र काढून घेईल. मग ह्या जागेत मी काय विकू, शाळेच्या पेन्सिली?”

“आणि ती पोर?”

“तिला फार तर वर्षाची बंदी येईल. वर्षाने परत खेळेल. माझं केंद्र गेलं तर परत मिळत नाही, आबा. थोडं थांबा. समितीचं येऊ दे, मग बघू.”

तो वाईट नाही. बोलताना त्याने माझं मनगट धरलं होतं. लहानपणी शाळेत पहिल्यांदा सोडलं तेव्हा माझं बोट असंच धरलं होतं. मी ‘बरं’ म्हटलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आजही बोललो नाही.

तंबाखूची डबी फेकली. भिमाबाईने बघितलं, काही म्हणाली नाही. तिचं काही न म्हणणं मला सोसत नाही.

फोन वाजला की आधी नाव बघतो. अंबाजी असेल तर काय बोलू? साक्षी असेल तर काय बोलू? आतापर्यंत मला लबाड सुटेल ही भीती होती. तो सुटलेला आहे आणि रोज सकाळी माझ्याच आरशात दाढी करतो आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

अंबाजीचा फोन आला.

म्हणाला, “काका, तुमाला सांगायला पायजे म्हनून केला. ते पत्ते मी खाडीत टाकले. डबा, पाकिटां, सगलां. जेट्टीवर पोरीला उभी केली न तिच्यासमोर टाकले. रडली पन नाय. चार दिस झाले, माज्याशी बोलत नाय, जेवन दारात ठेवाला लागतंय. तुमी मोठे, तुमी सांगा, बरां केलां ना मी?”

मी म्हटलं, “अंबाजीराव, आवाज नीट येत नाही.” आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. मागे त्याच्या ट्रकचं इंजिनसुद्धा ऐकू येत होतं.

ज्याच्या जोरावर ती म्हणू शकली असती की हे चुन्याचे डाग आहेत, तपासून बघा, तो कॅटच खाडीच्या चिखलात गेला. आता माझ्या तोंडाशिवाय कुठे काही उरलेलं नाही. आणि माझं तोंड हे असं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी दुकानात गेलो आणि हितेशच्या समोरच साक्षीला फोन लावला. त्याच्या पाठीमागे करायचा नव्हता. पहिलं वाक्य बोलेपर्यंत दरदरून घाम आला. हितेश काउंटरमागे उभा होता. फोन हिसकावील असं वाटलं. त्याने फक्त पंखा लावला आणि आत निघून गेला.

साक्षी ऐकत राहिली. मग म्हणाली, “काका, तुम्ही त्या दिवशी शंभर टक्के म्हणालात. आज हे म्हणताय. समिती विचारेल, मुलीच्या घरच्यांनी दबाव आणला का. पत्तेही नाहीत. उद्या मी येते. सेम पाकिटं आणते. समिती व्हिडिओवर बघेल. तुम्ही त्या दिवशी केलंत तसंच्या तसं करायचं.”

नंतर अंबाजीला फोन केला. सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, कारण थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. तो ओरडेल, शिव्या देईल याची तयारी केली होती.

मागे ट्रकचं इंजिन बंद झालं. मग म्हणाला, “मंग मी आता पोरीला काय सांगू?”

शनिवार, २२ नोव्हेंबर

हॉलमध्ये एका टेबलावर साठ पत्ते, तीच गर्द निळी झबली. समोर लॅपटॉप, त्यात समितीचे तीन चेहरे. साक्षी इंग्रजीत बोलत होती, मला निम्मं कळत होतं. नवी डबी आणायला लागली. फेकलेली कुठून आणू? मी तंबाखू मळली, तोंड धुतलं, रुमाल ओला करून हात पुसला. मग पत्ते ताडले. मोठे पत्ते चोळले.

साक्षीने सगळे पाठ वर ठेवून पसरले आणि लॅपटॉपला दाखवले. निळे, स्वच्छ. लॅपटॉपमधला एक जण काहीतरी म्हणाला आणि दुसरा हसला.

“थांबायचं,” मी म्हटलं. “वाळू द्या.”

थांबलो. पंखा फिरत होता. काही उठेना. माझ्या मनात आलं, त्या दिवशी चष्म्याच्या पाकिटावर उठलं तो भास होता का? चुना कमी लागला का? आज न उठलं तर मी खोटारडा म्हातारा ठरेन, ते चालेल. पण मग ती पोर कायमची चोर ठरेल आणि माझ्या सांगण्याला कुत्रंही विचारणार नाही. माणसं आपली लबाडी सापडू नये म्हणून घाबरतात. मी माझी चूक दिसावी म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो. हितेश दारात उभा होता. त्याला काय दिसायला हवं होतं, ते मी त्याच्याकडे बघून विचारलं नाही.

साक्षीनेच आधी बघितलं. ती खाली वाकली. एका पत्त्याचा कोपरा, मग शेजारचा. दहिवर उतरावं तसं हळूहळू पांढरं येत गेलं. तिने ते पत्ते उचलून उलटे केले आणि लॅपटॉपसमोर धरले. वादळं. देवमासे.

आता कोणी हसलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

समितीचं आलं. विनिता निर्दोष. थांबलेली उपांत्य फेरी रविवारी पुन्हा. माझं परीक्षकपद गेलं, ते जायलाच हवं होतं. हॉलला वर्षभर मोठी स्पर्धा नाही, ही रविवारची शेवटची. केंद्र राहिलं की गेलं ते वर्षाने कळेल.

हितेशला सांगायला गेलो तर त्याला आधीच कळलं होतं. तो म्हणाला, “जेवलात का, आबा?” आणि खोकी उचलायला लागला. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, “राहू द्या, मी करतो.”

रविवार, ३० नोव्हेंबर

जाऊ नये असं वाटत होतं. भिमाबाई म्हणाली, “तोंड लपवायचं होतं तर फोन कशाला केलात?” म्हणून गेलो, मागच्या बाकावर बसलो.

विनिताचा कॅट खाडीत गेलेला. तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुलांनी आपापले पत्ते देऊन तिचे साठ जमवले होते. समोर बसणार होता त्यानेसुद्धा एक देवमासा दिला. अंबाजी तिच्या खुर्चीमागे स्टुलावर बसला होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. त्याने आणलेली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. तिने ती सरकवली, पण परत केली नाही.

साक्षीने तपासणीसाठी कॅटकडे हात केला. विनिताने आपला तळवा कॅटवर ठेवला.

“मॅडम, आधी हात दाखवा.”

मला वाटलं, साक्षी रागावेल. मोठ्या परीक्षकाला असं कोणी म्हणत नाही. साक्षीने दोन्ही हात पुढे केले, उताणे, मग पालथे. विनिताने ते नीट बघितले. प्रत्येक बोट. मग कॅट सोडला. ते बघून समोरच्या मुलानेही तेच मागितलं, मग दुसऱ्या टेबलावरच्यांनी. साक्षी प्रत्येकापुढे हात धरत गेली.

माझे हात कोणी मागितले नव्हते. मी मांडीकडे बघितलं तर तेही उताणे पडले होते.

विनिता हरली. पत्ते ओढताना ती दर वेळी पाठ उजेडाकडे धरून बघायची, मग हातात घ्यायची. असं करत खेळणाऱ्याचं लक्ष खेळात कसं राहणार? वेळ संपला आणि ती थोडक्यात गेली. उठली, सगळ्यांचे पत्ते ज्याचे त्याला परत दिले.

निघताना ती दारात माझ्या अगदी समोरून गेली. “काका, जेवलात का?” विचारेल असं मला उगाच वाटलं होतं. मी हात जोडले. अंबाजीने मान हलवली. तिला गर्दीत मी दिसलो नसेन. तसे आम्ही दहा-बाराच माणसं होतो, पण संध्याकाळच्या लाँचची घाई असते.